गुरुवारच्या गाडीचा डबा

ईशान आणि रेवा,

तुमची मोठी आजी गेली त्याला आज तीन आठवडे झाले. तुम्ही पाठवलेली फुलांची परडी मी माकणीहून परतायच्या आधीच इथं धाराशिवला माझ्या दारात येऊन पोचली होती. शेजारच्या वहिनींनी ती आत घेतली आणि फुलांवर पाणी शिंपडून ठेवलं. मी तुमच्यावर रागावलेले नाही, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुमचे बाबा मला फोन करतील आणि विचारतील, "आई, मुलांना काय ऐकवलंस?"

परवा व्हिडिओ कॉलवर रेवानं विचारलं, "आजी, तुझ्या मागे फळीवर तो चेपलेला डबा कशाला ठेवलायस?" मी म्हटलं, नंतर सांगते. तेवढ्यात ईशानचा क्लास सुरू झाला आणि फोन बंद झाला. येत्या गुरुवारी तो डबा फळीवरून उतरणार आहे. तो जायच्या आत त्याचं उत्तर द्यावं, म्हणून आज लिहायला बसले.

छत्तीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं. तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं, तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. पण जे लिहायचं आहे ते खरं मोठ्या आजीला सांगायचं राहून गेलेलं आहे, आणि तिच्याशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही. तेव्हा मी तिच्याशीच बोलते, तुम्ही ऐका. आपल्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. एकीला सांगायचं आणि दुसरीनं समजून घ्यायचं. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा, किंवा मला. लगेच नाही समजला तरी चालेल.

*

अक्का,

आपलं पहिलं भांडण तुम्हाला आठवत असणार. तुम्ही काही विसरत नव्हता, विशेषतः माझ्या चुका.

मी लग्न होऊन आले आणि महिन्याभरातच आम्ही दोघांनी नोकरीसाठी तेव्हाच्या उस्मानाबादला बिऱ्हाड केलं. तुम्ही मोठ्या जाऊ, तिकडं माकणीला शेत, म्हशी आणि सासू-सासरे सांभाळत होता. मला भाकरी थापता येत नव्हती. माझी भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन देश व्हायचे. ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली आणि एका गुरुवारी सकाळच्या एसटीनं पितळेचा चार कप्प्यांचा डबा आला. गुरुवारच का, हे मला पुढं कळलं. गुरुवारी तुमचा उपास असायचा. "स्वतःला खायचं नसलं की हात लई मोकळा चालतो," असं तुम्हीच म्हणायचा.

मी शाळेतून येऊन डबा रिकामा केला, चिंच लावून घासला, उन्हात वाळवला आणि दोनच्या गाडीनं परत पाठवला. मला वाटलं, माझ्या नीटनेटकेपणावर तुम्ही खूश व्हाल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीतून तुम्ही स्वतः उतरलात. चपला दारात काढायच्या आधी विचारलंत, "काय चुकलं आमचं?"

"कुठं काय अक्का?"

"डबा रिकामा धाडलास."

"घासून पाठवला की. चिंच लावून."

"ते दिसलं. आरशावानी केलास. पर रिकामा. रिकामा डबा कोण धाडतं, ठावं हाय का? ज्याला तो परत यायला नगं असतो, ते."

मी म्हटलं, माझ्याकडं भरायला काहीच नव्हतं. नवं बिऱ्हाड होतं, ते खरंही होतं. तुम्ही माझ्या दोन खोल्यांवरून नजर फिरवलीत. "साखर हाय न्हवं घरात? चिमूटभर घालायची. ती बी नसंल तर अंगणातलं पान घाल. पर डब्याला कळाय पायजे, आपुन कुणाच्या तरी घरून आलोय."

मला तेव्हा हे अडाणीपणाचं वाटलं. ते मी बोलूनही दाखवलं, हे तुम्हाला आठवत असेलच. डब्याला काही कळत नसतं, असं मी म्हटलं होतं. तुम्ही चहा न घेता निघालात आणि पुढच्या गुरुवारी डबा पुन्हा आला. त्या दुपारी तो परत गेला तेव्हा वरच्या कप्प्यात मूठभर साखर होती. एवढा एकच वाद मी तुमच्याशी लगेच हरले. बाकीचे वर्षानुवर्षं चालवले.

त्या डब्यातून परतीच्या वाटेनं काय काय गेलं. परसातले पेरू गेले. शाळेत उरलेले खडूचे तुकडे गेले, त्यांनी तुम्ही गोठ्याच्या भिंतीवर म्हशीच्या गाभणपणाच्या महिन्यांच्या रेघा ओढायचा. सुयांचं पाकीट, सासऱ्यांच्या डोळ्यांचं औषध, या मुलांचा बाबा प्रशांत झाला तेव्हा त्याच्या पहिल्या जावळाची पुडी. तुमच्याकडून धपाटे, शेंगाची चटणी आणि लोणी यायचं. लोण्याचा कप्पा नेहमी सगळ्यात खाली, वर ओला फडका बांधलेला. प्रशांत शाळेत जायला लागल्यावर गुरुवारी सकाळी दप्तर न भरता स्टँडवर जायचा हट्ट धरायचा. त्याला लोण्यापेक्षा त्या गाडीची वाट बघायची गोडी होती. गाडी उशिरा आली की त्याला जास्त आवडायचं.

डब्यातून आपण भांडलोसुद्धा. एका लग्नात मी तुमच्या लुगड्याच्या रंगावरून चार बायकांसमोर काहीतरी बोलले. त्या गुरुवारी डबा उघडला तर चारही कप्प्यांत कारलं. मीही काही कमी नव्हते, चारही कप्प्यांत मीठ भरून परत पाठवलं. पुढच्या गुरुवारी कंडक्टरमामा डबा हातात देताना खाली वाकून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "माकणीच्या बाईंनी सांगितलंय, मीठ लई झालं, आता गूळ धाडा." मी गूळ धाडला. त्यानंतर त्या लुगड्याचा विषय तुम्हीही काढला नाही, मीही नाही.

*

अक्का, मी सोयीच्या विरोधात नाही. हे इथं स्पष्ट लिहायला हवं, कारण मुलांना वाटेल आजी आता जुनं ते सोनं सुरू करणार. तुम्ही तर सोयीच्या विरोधात कधीच नव्हता. गॅस आला त्या दिवशी तुम्ही चुलीकडं वळूनही पाहिलं नाही. माझी एक मैत्रीण तुमच्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, पाट्यावरच्या वाटणाची चव मिक्सरला येत नाही. तुम्ही मिक्सर थांबवून तिला म्हणालात, "पाट्यावरचंच चांगलं म्हणणारी बाई पाट्यावर वाटत नसती."

म्हणून तुमचे गुडघे गेले तेव्हा मी जे केलं, ते चांगल्या मनानंच केलं. डबा घेऊन तुम्ही माकणीच्या स्टँडपर्यंत जायचा, वाटेत दोनदा बसायचा. सुरेखानं, तुमच्या सुनेनं, मला हे फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "अक्का, आता बास. इथं एका बोटावर सगळं मिळतं. जेवण दारात येतं, भाकरीसुद्धा."

"भाकरीसुद्धा?"

"भाकरीसुद्धा. गरम."

तुम्ही म्हणालात, "बरं." तुमचा 'बरं' मला चाळीस वर्षांत कळायला हवा होता.

मग आपला फोन रोज व्हायला लागला. जेवलीस का, जेवले. काय, पोळी-भाजी. गुडघा कसा आहे, आहे तसाच. आणखी काय, काही नाही. रोज बोलत असल्यामुळं सांगण्यासारखं काही साठायचंच नाही. पूर्वी डबा यायचा तेव्हा आठवड्यातून एकदाच तुमचा निरोप यायचा, तरी तुमच्या घरात काय चाललंय ते मला चटणीच्या तिखटावरून कळायचं.

मी तुम्हाला वस्तू पाठवायला लागले. गुडघ्याचं तेल, रजई, बसून आंघोळ करायचं स्टूल. सगळं दोन दिवसांत माकणीला हजर. एकदा मी आले तेव्हा तुम्ही ओसरीवर बसला होता आणि रिकामी खोकी एकात एक घालून भिंतीला लावून ठेवली होती. मी विचारलं, ही कशाला ठेवलीत? तुम्ही म्हणालात, "काय करावं ते कळंना. टाकवत न्हाय, परत धाडता येत न्हाय. तुझ्या खोक्यात तू नसतीस, मास्तरीणबाई."

"मीच पाठवलं की ते."

"तू बोट लावलंस. धाडलं दुसऱ्यानं."

मग मी तुम्हाला वर्गात शिकवावं तसं समजावलं. बाजारात जायला नको, रांगेत उभं राहायला नको, गाठोडं बांधायला नको, स्टँडवर जायला नको. केवढा वेळ वाचतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "आन् मग त्यो वाचलेला येळ कुठं ठिवलास?"

मी चहाचा विषय काढला. तो वाद तिथंच अर्धा राहिला. आज उत्तर देते. त्या वेळात मी फोनवर दुसऱ्या बायका स्वयंपाक करतात ते पाहत बसले. हे मी तुमच्यासमोर कबूल केलं नसतं.

*

आता जे सांगायचं राहिलं आहे ते.

यंदाच्या येळवशीला मी आले नाही. मुलांनो, मार्गशीर्षातल्या अमावास्येला आपल्या भागात सगळे शेतात जाऊन जेवतात, ती येळवस; तुम्ही लहान असताना एकदा कडब्याच्या खोपीत मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांपुढं बसून आंबील प्यायला होता. यंदा मला थोडा खोकला होता आणि गार वाऱ्याचं निमित्त होतं. सुरेखानं शेतातून व्हिडिओ कॉल लावला. मी खोप बघितली, पांडव बघितले, हरभरा बघितला, तुमचा चेहरा बघितला. चार मिनिटांत येळवस झाली. फोन ठेवल्यावर मला खरोखर जाऊन आल्यासारखं वाटलं. खरी चूक तिथं झाली. जायला मिळालं नाही याची हुरहूर मला लागायला हवी होती. ती लागली असती तर चार दिवसांनी का होईना, मी गाडीत बसले असते. पण ती लागायच्या आतच मिटली.

तुम्हाला तसं वाटलं नसावं. दुसऱ्या दिवशी, इतक्या वर्षांनी, पितळेचा डबा आला. येळवशीची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या आणि खाली लोणी. मी लगेच फोन केला. "अक्का, डबा पोचला. छान झालंय सगळं."

"खा. आन् डबा कवा धाडतीस?"

"धाडते की."

मला तो नीट भरायचा होता. संक्रांतीला वड्या करून भरते, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. संक्रांत गेली. वड्या मी विकतच्या आणल्या आणि त्या डब्यात घालायला माझं मन धजलं नाही. तुम्ही फोनवर विचारत राहिलात. "डबा?" इतकंच. पुढच्या आठवड्यात परत, "डबा?" मला वाटलं, तुम्हाला भांड्याची अडचण होत असेल. म्हणून एका सकाळी चहा पिता पिता मी तुमच्यासाठी नवा डबा मागवला. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, अन्न गरम ठेवणारा. तीन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी तो माकणीला पोचला.

तुमचा फोन आला. "पोचला."

"आवडला का?"

"नवा हाय," तुम्ही म्हणालात. आणि मग, "रिकामा हाय."

मी हसले. म्हटलं, "अक्का, दुकानातून येतो तो रिकामाच येणार."

तुम्ही म्हणालात, "बरं."

अक्का, तुम्ही भांडं मागत नव्हता. मला ते आता कळतं, असंही नाही. त्याच वेळी कुठंतरी कळलं होतं. पण काम उरकल्याचं समाधान एवढं चटकन येतं, की त्याच्या आड कळलेलं झाकून जातं. तुम्ही मला बोलावत होता, आणि मी तुम्हाला डबा पाठवला.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी सात वाजता सुरेखाचा फोन आला. मी हाताला आली ती साडी नेसून निघाले. जीप तुळजापूरच्या पुढं गेल्यावर आठवलं, डबा फळीवरच राहिला.

*

तुम्हाला निरोप देताना मी काय बोलले ते लिहीत नाही. तुमचे पाय धरले, ते गार होते, आणि मनात आलं की रजई पाठवली होती ती कुठं आहे.

तेराव्यानंतर मी निघायची तयारी करत होते. सुरेखा आतून तो नवा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. "काकी, ह्यो तुमचा."

"माझा कुठला? मी अक्कांना पाठवला होता."

"व्हय, पर आत्याबाईंनी भरून ठिवलाय. आला त्याच दिवशी म्हणल्या, शैलाचा डबा आलाय, रिकामा कसा धाडायचा? म्या म्हणलं, अवो तो काकींनी तुमच्यासाठी घेतलाय, ठिवून घ्या. तर म्हणल्या, ठिवते की. पर एकदा जाऊन येऊ दे. तिला भरायला सवड न्हाय घावली, आपुन भरू."

मी झाकण काढलं. वरच्या कप्प्यात कारळ्याची चटणी होती, दाबून बसवलेली. मधल्यात भाजून सोललेल्या शेंगा. दाण्यांची सालं पाखडून काढलेली होती. तुमच्या सुजलेल्या बोटांनी त्याला किती वेळ लागला असेल, ते मी सुरेखाला विचारलं नाही. खालचा कप्पा रिकामा होता. स्वच्छ पुसून त्यात ओल्या फडक्याची घडी ठेवलेली, आता कोरडी ठणठणीत झालेली.

"ह्यात लोणी घालायचं व्हतं," सुरेखा म्हणाली. "गुरुवारी गाडीच्या आधी ताजं काढते म्हणल्या. गुरुवार आलाच न्हाय."

तिथं मी रडले, अक्का. सगळे पांगल्यावर, सामान बांधून झाल्यावर, एका कोरड्या फडक्यापाशी. सुरेखा म्हणाली, "रडा काकी. त्या असत्या तर म्हणल्या असत्या, मास्तरीणबाईंना आत्ता सवड झाली." आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. तुमच्या सुनेला तुमची जीभ आली आहे. काळजी करू नका.

तुम्ही मला माफ केलं की नाही, हे मी विचारत बसणार नाही. दुकानातून आलेला कोरा डबा तुम्ही माझ्या घरून आला असं धरून भरायला घेतलात, त्यात उत्तर आहे. माझ्या खोक्यात मी नव्हते, तरी तुम्ही मला त्यात शोधून काढलंत. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. जावाजावांत आभार मानायची पद्धत नाही, म्हणून हे कधी बोलले नाही. आज लिहिलं.

चटणी मी पुरवून खाते आहे. तिच्यासोबतची भाकरी मीच करते. तिचे अजूनही दोन देश होतात, पण आता त्यांची सीमा जवळ आली आहे.

सहा दिवस मी साय साठवते आहे. लोणी दुपारपर्यंत दारात मागवता येतं, ते मला माहीत आहे. गुरुवारी पहाटे उठून मी ते काढेन आणि पितळेच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात घालेन. त्याच्या वर तिळाच्या वड्या, संक्रांत उलटून गेली असली तरी. त्याच्या वर परसातले पेरू. सगळ्यात वर चिमूटभर साखर. आणि तो कुणाच्या हाती देणार नाही. मांडीवर घेऊन मी माकणीपर्यंत जाईन आणि सुरेखाच्या हातात ठेवेन. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय येतं ते बघू. तिनं आत्ताच विचारून ठेवलंय, "काकी, कारलं चालंल न्हवं?"

मुलांनी पाठवलेली ती परडी मी टाकलेली नाही, अक्का. फुलं वाळली, ती तुळशीत घातली. परडी वेताची आहे, चांगली मजबूत. रिकामी परत द्यायची नाही हे मी जाणते, आणि ती पोस्टानं किंवा बोटानं पाठवायचीही नाही. ती फळीवर, डब्याच्या जागी राहील. न्यायला त्यांना यावं लागेल. त्यात काय भरायचं ते मी त्यांची वाट बघता बघता ठरवेन. वाट बघायची मला पुन्हा सवय करायची आहे.

काल मी स्टँडवर जाऊन चौकशी करून आले. गुरुवारची माकणीची गाडी अजूनही दोन वाजताच सुटते.